कुलपापुढच्या रांगेची कुळकथा

मोपाच्या विमानतळावर पहाटेचं विमान धरायचं असलं की मी आत जाऊन दारासमोरच्या खुर्चीत बसतो आणि लोकांच्या मानांकडे बघत राहतो. फलकावरची एखादी ओळ बदलते. समोरची सगळी माणसं एकदम मान वर करतात, वाचतात, आणि ज्यांचा त्या ओळीशी संबंध आहे ते चौघे-पाच जण उठतात. बाकीच्यांच्या माना परत खाली जातात. थोड्या वेळाने पुन्हा तेच. माणसाला यात काहीच खर्ची पडत नाही. पण गेली काही वर्षं मी ज्या कामात आहे, तिथे मान वर करून खाली घालण्याचा हा प्रकार चांगल्या दांडग्या यंत्राला गुडघे टेकायला लावतो. तो कसा सुरू झाला आणि कसा थांबवला गेला, ती गोष्ट मला सांगायची आहे.

काचेपलीकडे सड्यावर धावपट्टी दिसते. सुमारे साडेतीन किलोमीटर लांब, आणि एकच. ५ जानेवारी २०२३ रोजी इथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली, तेव्हापासून कितीही विमानं खोळंबली असोत, त्या पट्टीवर एका वेळी एकच विमान. दुसरं आलं तर काय होईल हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. संगणकाच्या कर्नलमध्ये अशा धावपट्ट्या हजारो असतात. स्मृतीचं रिकामं पान कोणाला द्यायचं याची यादी, उघड्या फायलींची यादी, पुढे कोणतं काम चालवायचं त्याची यादी. प्रोसेसरच्या दोन कोअरनी एकाच क्षणी एकच यादी बदलायला घेतली तर ती यादी फाटते, आणि फाटलेली यादी घेऊन यंत्र पुढे चालत राहिलं तर नुकसान कुठवर पोचेल याला धरबंध नाही. म्हणून प्रत्येक यादीला एक कुलूप असतं. कुलूप मिळवा, यादी बदला, कुलूप सोडा. ज्याला मिळालं नाही त्याने थांबायचं.

कर्नल हा शब्द आमच्या भागाला परका नाही. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ बियेच्या आतला गर, आणि काजूच्या व्यापारात आजही कर्नल म्हणजे काजूगर. पेडणे, डिचोली, सत्तरी या पट्ट्यात ज्याने लहानपणी बिया भाजल्या आहेत त्याला ठाऊक असतं की गराला हात घालण्याआधी टरफलातल्या चिकाशी गाठ असते, आणि तो चीक हात भाजतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा गर तसाच आत असतो. वरचे प्रोग्रॅम त्याला थेट हात लावू शकत नाहीत, ठरावीक वाटेने मागणी करतात आणि गर त्यांचं काम करून देतो. म्हणून आतल्या एका ओळीने उगाच वेळ घेतला तर त्याचा भुर्दंड वर चाललेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला पडतो. बँकेचा व्यवहार असो, रेल्वेचं आरक्षण असो की कोणाचं फोटो चढवणं असो, सगळे त्याच ओळीवरून जातात.

थांबण्याच्या रीती दोन. एक म्हणजे झोपून जायचं आणि कुलूप मोकळं झालं की कोणीतरी उठवायचं. काम लांबणार असेल तर हे ठीक. पण झोपवणं आणि उठवणं यालाच वेळ लागतो, आणि कर्नलमधली पुष्कळ कामं त्याहूनही थोडक्यात उरकतात. शिवाय काही ठिकाणी, उदाहरणार्थ हार्डवेअरकडून आलेल्या हाकेला उत्तर देताना, झोपायची मुभाच नसते. तिथे दुसरी रीत: दारातच उभं राहून सारखं विचारत राहायचं, झालं का, झालं का. याला स्पिन लॉक म्हणतात, जागच्या जागी फिरत राहणारं कुलूप. कुळकथा आहे ती या दुसऱ्या कुलपाची, किंवा खरं तर त्याच्यापुढे लागणाऱ्या रांगेची.

मूळपुरुष डाइक्स्ट्रा. १९६५ साली त्याने प्रश्न नेमका मांडला: अनेक यंत्रं एकाच स्मृतीवर काम करतात, त्यांना फक्त वाचता येतं आणि लिहिता येतं, तर एका वेळी एकच जण नाजूक भागात शिरेल याची खात्री कशी द्यायची? दोन यंत्रांपुरतं उत्तर डेकर या डच गणितीने आधीच काढलं होतं. डाइक्स्ट्राने ते कितीही यंत्रांपर्यंत नेलं. पण त्याच्या उत्तरात एक उणीव राहिली. कोणीतरी आत जाईल याची हमी होती, अमुक एकाची पाळी कधीतरी येईलच याची नव्हती. बिचारा एखादा दारात उभाच राहू शकत होता.

ही उणीव नसलेली एक रीत लेस्ली लॅम्पोर्टने १९७४ साली मांडली, आणि तिला नाव दिलं बेकरीचं. अमेरिकेतल्या बेकरीत शिरताना गिऱ्हाईक एक नंबर घेतं आणि आपला नंबर पुकारला जाईपर्यंत थांबतं. लॅम्पोर्टच्या रीतीत नंबर वाटणारा कोणी नाही. येणारा प्रत्येक जण बाकी सगळ्यांचे नंबर वाचतो आणि सगळ्यात मोठ्यापेक्षा एकाने मोठा नंबर स्वतःला लावून घेतो. दोघांनी एकाच वेळी वाचलं आणि दोघांचा नंबर सारखा आला, तर ज्याचा मूळ क्रमांक लहान तो आधी. मला यातली थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. कोणी आपला नंबर लिहीत असतानाच दुसऱ्याने तो वाचला आणि वाचणाऱ्याला भलताच आकडा दिसला, तरीही ही रीत चुकत नाही. खालच्या हार्डवेअरने एवढीसुद्धा शिस्त पाळावी अशी तिची मागणी नाही.

गोव्यात वाढलेल्या माणसाला बेकरीतली ही रांग समजून घ्यायला थोडा वेळ लागतो, कारण आमच्याकडे पाव आणायला जायचं नसतं. पोदेर सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत फाटकाशी येतो. त्या फरकाकडे मी शेवटी परत येणार आहे.

लॅम्पोर्टची रीत कर्नलमध्ये कोणी वापरत नाही. सगळ्यांचे नंबर वाचत बसणं महाग आहे. त्याऐवजी हार्डवेअरनेच मदतीचा हात दिला. आयबीएमच्या १९६४ सालच्या सिस्टिम ३६० मध्येच एक सूचना होती: स्मृतीतला आकडा वाचायचा आणि त्याच दमात तिथे ‘व्यापलं’ असं लिहायचं, मध्ये कोणाला शिरकाव नाही. वाचल्यावर ‘मोकळं’ दिसलं असेल तर कुलूप तुमचं. नाही तर पुन्हा करा. दोन-चार ओळींचं कुलूप. वर्षानुवर्षं सगळे हेच वापरत आले.

ते नंतर का पुरेनासं झालं हे समजायला कोअरचं घर बघावं लागतं. मुख्य स्मृती कोअरपासून लांब असते, म्हणून प्रत्येक कोअर हाताशी स्वतःची एक छोटी, झटपट मिळणारी स्मृती बाळगतो. तिला कॅश म्हणतात. तिच्यात माहिती सुट्या आकड्यांनी येत नाही, ओळीने येते, आणि आजच्या बहुतेक चिपांवर एक ओळ ६४ बाइटची असते. एकच ओळ वाचण्यासाठी सगळ्यांच्या घरात असू शकते. पण एकाला तिच्यावर लिहायचं झालं की बाकी सगळ्यांच्या प्रती आधी रद्द कराव्या लागतात. नंतर ज्याला ती हवी त्याने नव्याने मागवायची. घरातल्या ओळीतून वाचणं काही चक्रांचं काम, दुसऱ्याच्या घरातून, त्यातही पलीकडच्या चिपवरून, मागवणं त्याच्या कितीतरी पट. कर्नलमध्ये वेग वाढवणं म्हणजे बहुतेक वेळा गणित कमी करणं नसतंच. ओळींची ही ने-आण कमी करणं असतं. पहिल्या दिवशी मला हे कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती.

लिनक्सला एकाहून अधिक प्रोसेसर चालवता येऊ लागले ते २.० या आवृत्तीपासून, १९९६ साली. तेव्हा अख्ख्या कर्नलला मिळून एकच मोठं कुलूप होतं. वाड्याला एकच किल्ली आणि ती एकाच्या कमरेला, असा कारभार. पुढची पंधरा वर्षं त्या कुलपाचे तुकडे करण्यात गेली, खोलीखोलीला वेगळं कुलूप आलं, आणि २०११ साली २.६.३९ मधून जुनं मोठं कुलूप कायमचं गेलं. त्या कामात नवं, डोळ्यात भरणारं काही नव्हतं. प्रत्येक खोलीत जाऊन इथे नेमकं काय जपायचं आहे हे शोधायचं, एवढंच. पण ते केलं नसतं तर आज आपल्या खिशातला आठ कोअरचा फोन कर्नलच्या कामात एका कोअरच्या चालीने चालला असता.

या लहान कुलपांची रचना साधी होती. कुलपाच्या आकड्यात १ म्हणजे मोकळं. घेणारा त्यातून एक वजा करतो. शून्य उरलं तर कुलूप मिळालं, ऋण झालं तर थांबायचं आणि आकडा पुन्हा वर येईपर्यंत नुसतं वाचत राहायचं. सोडणारा तिथे परत १ लिहितो. रांग नाहीच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चांगल्या मासळीपुढे जशी झुंबड असते तशी झुंबड, आणि तिथे जे होतं तेच इथे झालं: आत्ता ज्याचा सौदा झाला तो विकणारीच्या सगळ्यात जवळ उभा असतो, म्हणून पुढचा सौदाही तोच करतो. ज्या कोअरने कुलूप सोडलं त्याच्याच घरात कुलपाची ओळ असते. त्याला ते परत हवं असेल तर बाकीच्यांकडे बातमी पोचायच्या आत तो घेऊन मोकळा होतो.

लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्या निक पिगिनने हे मोजलं. दोन चिपांवर मिळून आठ कोअर असलेल्या ऑप्टेरॉन यंत्रावर त्याला दिसलं की तेच काम करणाऱ्या धाग्यांच्या (थ्रेडच्या) वेळेत दुपटीपर्यंत फरक पडतो, आणि काही धाग्यांच्या बाबतीत हा पक्षपात दहा लाख वेळांपर्यंत होतो. त्याने हा आकडा लिहिताना पुढे उद्गारचिन्ह टाकलं होतं, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

त्याचा उपाय एप्रिल २००८ मध्ये २.६.२५ या आवृत्तीत आला: नंबराचं कुलूप, तिकीट लॉक. कल्पना नवी नव्हती. रीड आणि कनोडिया यांनी १९७९ साली क्रमांक देणाऱ्या यंत्रणेवर लिहिलं होतं, आणि त्यामागे लॅम्पोर्टची बेकरी होतीच. पिगिनचं कसब बांधणीत होतं. कुलपाचा आकडा सोळा बिटांचा, त्याचे दोन भाग. एका भागात आता कोणाची पाळी, दुसऱ्यात पुढच्या येणाऱ्याला कोणता नंबर. इंटेल घराण्यातल्या चिपांवर एक सूचना आहे जी आकड्यात भर घालते आणि आधीचा आकडा हातात देते. ती एकदाच चालवली की नंबरही मिळतो आणि आता कोणाची पाळी तेही कळतं. दोन्ही सारखे असतील तर कुलूप लगेच तुमचं. सोडणाऱ्याने पाळीच्या भागात एक मिळवायचा, बस. आठ बिटांत २५६ नंबर मावतात, म्हणून त्याहून मोठ्या यंत्रांसाठी दुप्पट रुंद आकडा. आलेल्या क्रमाने जायचं, कोणी मध्ये घुसायचं नाही.

न्याय झाला. आणि मोपाच्या दारासमोरच्या माना वर-खाली होऊ लागल्या.

पाळीचा आकडा बदलला की थांबलेल्या प्रत्येक कोअरच्या घरातली प्रत रद्द होते. सगळे एकदम ती ओळ मागवतात. ती एकेकाला मिळते, कोणाला आधी मिळेल याचा नेम नाही. ज्याची खरोखर पाळी आहे तोही त्या गर्दीत उभा. म्हणजे थांबलेले जितके जास्त, तितकं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जायला जास्त वेळ. किल्ली हळू गेली की मागे आणखी जमतात. जमले की किल्ली आणखी हळू. एमआयटीतल्या बॉइड-विकायझर, काशूक, मॉरिस आणि झेल्डोविच यांनी २०१२ साली ओटावाच्या लिनक्स परिषदेत हे ४८ कोअरच्या यंत्रावर दाखवलं. त्यांच्या आलेखात मला सगळ्यात भयंकर वाटलं ते उताराचं रूप. कोअर वाढवत जा, काम वाढत जातं, वाढत जातं, आणि मग मोजके कोअर आणखी लावले की एकदम कडा कोसळावा तसं खाली येतं. कुलपाआडचं काम चिमूटभर असलं तरीही. ज्याने जास्त पैसे मोजून मोठं यंत्र घेतलं त्याचं काम लहान यंत्रापेक्षा सावकाश चालावं, यासारखी लाजिरवाणी गोष्ट आमच्या धंद्यात नाही.

उत्तर मात्र १९९१ पासून छापून तयार होतं, आणि ते मी वाचण्यापूर्वी पाहिलं होतं.

मी डिचोली तालुक्यातला. बाबा खनिजाचा ट्रक चालवायचे, खाणीवरून मांडवीच्या जेटीवर. सुट्टीत कधी कधी ते मला केबिनमध्ये घेत. वजनकाट्याच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली असायची, लाल धुळीत, वळणापलीकडे तिचं टोकही दिसायचं नाही. काट्याकडे बघून उपयोगच नव्हता. बाबा इंजिन बंद करून पाय वर घेऊन बसत. पुढचा ट्रक हलायला लागला की त्याचा क्लीनर धावत मागे यायचा आणि आमच्या दारावर दोन थापा मारायचा. मग आम्ही हलायचो, आणि आमचा क्लीनर उतरून मागच्याकडे जायचा. मी बाबांना विचारायचो, आपला नंबर कितवा? ते म्हणायचे, नंबर मोजून काय करायचाय, पुढचा सांगेल.

फेब्रुवारी १९९१ मध्ये जॉन मेलर-क्रमी आणि मायकल स्कॉट यांनी जे कुलूप छापलं ते हेच. त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला एमसीएस म्हणतात. कुलपात नंबर नसतो, फक्त रांगेत शेवटी कोण उभा आहे याचा पत्ता असतो. येणारा आपली एक छोटी चिठ्ठी घेऊन येतो. तिच्यात दोन रकाने: माझ्या मागे कोण, आणि मला अजून थांबायचं आहे का. एकाच अखंड सूचनेने तो ‘शेवटचा’ म्हणून स्वतःचा पत्ता लिहितो आणि आधीच्या शेवटच्याचा पत्ता उचलतो. आधी कोणी नसेल तर कुलूप त्याचं. असेल तर त्या पुढच्याच्या चिठ्ठीवर ‘तुझ्या मागे मी’ असं लिहून येतो आणि स्वतःच्या चिठ्ठीकडे बघत उभा राहतो. ही चिठ्ठी त्याच्या स्वतःच्या घरात असते. तिच्यावर कोणी लिहीपर्यंत बाहेर काहीही मागवावं लागत नाही. पुढच्याचं काम झालं की तो येऊन तिच्यावर एक खूण करतो. दारावर थाप. एका थापेला एकच ओळ हलते, मग मागे दोघे असोत की दोनशे.

यातली एक नाजूक जागा मला फार आवडते. शेवटचा म्हणून स्वतःला लावून घेणं आणि पुढच्याच्या चिठ्ठीवर नाव लिहिणं, या दोन कृतींमध्ये क्षणाचं अंतर असतं. नेमका त्याच क्षणी पुढचा कुलूप सोडायला आला, तर त्याच्या चिठ्ठीवर मागे कोणी नाही असं दिसतं, पण कुलपावरचा शेवटचा पत्ता त्याचा नसतो. म्हणजे कोणीतरी आलं आहे, फक्त अजून सांगायचं आहे. मग तो जात नाही. नाव लिहिलं जाईपर्यंत थांबतो, थाप मारतो, आणि मगच जातो. हे थांबणं विसरलेला कोड हजार वेळा बरोबर चालतो आणि एक हजार एकाव्या वेळी अख्खं यंत्र जागच्या जागी गोठवतो.

या दिशेने इतरही चालले होते. टॉम अँडरसन, आणि सिक्वेंट कंपनीतले ग्रॉन्के आणि श्रीकांत ठक्कर यांनी १९९० सालीच एकेका थांबणाऱ्याला वेगळी जागा देणारी कुलपं मांडली होती, पण त्यात प्रत्येक कुलपापाशी सगळ्या कोअरना पुरतील इतक्या जागा राखून ठेवाव्या लागत. नंतर क्रेग, लँडिन आणि हागरस्टेन यांचं कुलूप आलं, त्यात थांबणारा पुढच्याच्या चिठ्ठीकडे बघतो, पुढच्या ट्रकचे मागचे दिवे बघावेत तसा. मेलर-क्रमी आणि स्कॉट यांच्या लेखाला २००६ साली डाइक्स्ट्रा पारितोषिक मिळालं. मूळपुरुषाच्या नावाचं पारितोषिक पणतवंडाला.

मग लिनक्सच्या स्पिन लॉकमध्ये ते यायला २०१५ का उजाडलं? आळस नव्हे. जागा नव्हती. कर्नलमध्ये स्मृतीच्या पानापानापासून फायलीच्या नोंदीपर्यंत कोट्यवधी वस्तूंच्या पोटात कुलूप असतं. त्याला चार बाइट दिलेले. एमसीएसला ६४ बिटांच्या यंत्रावर पत्ता ठेवायलाच आठ लागतात. वर प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी बरोबर न्यायची म्हणजे वर्षानुवर्षं लिहिलेल्या हजारो ओळी बदलायच्या.

वेमन लाँग आणि पीटर झायल्स्ट्रा यांनी काढलेली वाट ४.२ या आवृत्तीत आली, ऑगस्ट २०१५ मध्ये. त्यांनी पाहिलं की स्पिन लॉकपुढे थांबलेला कोअर दुसरं काम हातात घेत नाही. घेतलं तर फार तर मध्येच आलेल्या हाकेमुळे, आणि अशा हाकांचे थर ठरलेले: साधं काम, त्यावर हलकी हाक, त्यावर हार्डवेअरची हाक, त्याहीवर अशी हाक जी अडवताच येत नाही. एकूण चार. म्हणजे एका कोअरला कधीच चारपेक्षा जास्त चिठ्ठ्या लागणार नाहीत. त्या आधीच प्रत्येक कोअरच्या घरात करून ठेवल्या. मग पत्ता लिहायची गरजच उरली नाही. कोणता कोअर आणि त्याची कितवी चिठ्ठी, एवढं लिहिलं की भागतं. चारातली एक सांगायला २ बिट, कोअरचा क्रमांक सांगायला १४. कुलूप लागलं आहे की नाही त्याला ८. राहिले ८. बेरीज ३२, बरोबर चार बाइट.

त्या राहिलेल्या आठांचा उपयोग वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. कर्नलमधल्या बहुतेक कुलपांपुढे रांग लागतच नाही. एक आत, फार तर एक बाहेर. त्या बाहेरच्या एकट्यासाठी चिठ्ठी काढायची म्हणजे आणखी एक ओळ घरात आणायची. म्हणून पहिल्या थांबणाऱ्याने चिठ्ठी न काढता कुलपावरच ‘मी आहे’ अशी खूण करून दारात उभं राहायचं. दुसरा आला तरच रांग. क्वचित येणाऱ्या गर्दीसाठी रोजच्या माणसाला त्रास द्यायचा नाही, ही दृष्टी मला त्या कोडमधल्या कुठल्याही युक्तीपेक्षा मोलाची वाटते.

मधल्या काळात रांगेच्या न्यायाला एक वेगळाच धोका पोचला होता. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालू लागली, आणि आभासी यंत्राचा कोअर खरा नसतो. खालचा व्यवस्थापक त्याला वाटेल तेव्हा बाजूला ठेवतो. आता नंबराची रांग आहे, पाळी ज्याची आली तोच बाजूला ठेवलेला आहे. काट्यावर जागा मोकळी, पण पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर गाढ झोपलेला, आणि ओलांडून जायची कोणाला परवानगी नाही. मागचे सगळे इंजिन चालू ठेवून डिझेल जाळत उभे. झुंबडीच्या कुलपात हे झालं नसतं. जेरेमी फिट्झहार्डिंजने यावर उपाय सुरू केला, आणि आयबीएमचे श्रीवत्स वड्डगिरी आणि राघवेंद्र के. टी. यांनी तो पुढे नेऊन सिद्धीस नेला. २०१३ साली ३.१२ मध्ये तो आला. काही काळ फिरून कुलूप मिळालं नाही तर आभासी कोअर खालच्याला सांगून झोपतो, आणि कुलूप सोडणारा ज्याचा नंबर आहे त्याला खालच्याकरवी हलवून उठवतो. पुढे रांगेच्या नव्या कुलपातही ही सोय आली. शिवाय आभासी यंत्रावर काही प्रसंगी रांग मोडून पुढे जायचीही मुभा आली. रांगेत पुढचा जागा असेल असं गृहीत धरूनच रांग न्याय्य असते.

माझ्या स्वतःच्या वाट्याला आलेला प्रसंग साधा आहे. एका कामात मी डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये एक मोजणी ठेवली होती, किती मागण्या आल्या याची. एक आकडा, एक कुलूप. माझ्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत. गिऱ्हाइकाच्या मोठ्या यंत्रावर काम रखडलं. मोजमापाचं साधन लावलं तर यादीत सगळ्यात वर नाव झळकत होतं ते रांगेच्या कुलपाच्या संथ वाटेचं. लाँग आणि झायल्स्ट्रा यांचं कुलूप आपलं काम चोख करत होतं. थापा वेळेवर पडत होत्या. पण एका आकड्यात एक मिळवण्यासाठी मी सगळ्या कोअरना रांगेत उभं केलं होतं, आणि रांग कितीही शिस्तीची असली तरी काटा एकच होता.

त्या आठवड्यात मी घरी होतो. सकाळी फाटकाशी भोंगा वाजला, आई उंडे घेऊन आली, आणि पलीकडच्या वाड्यावर दुसऱ्या पोदेराचा भोंगा वाजत होता. कर्नलमध्ये यासाठी सोय वर्षांपूर्वीची आहे: प्रत्येक कोअरला त्याचा स्वतःचा आकडा द्यायचा. तो त्याच्याच घरातल्या ओळीत राहतो, त्याला हात लावणारा दुसरा कोणी नाही, म्हणून कुलूपही नाही. बेरीज विचारली तरच सगळ्यांच्या घरी जाऊन आकडे गोळा करायचे. यात एक गोष्ट सोडावी लागते. बेरीज करता करता कोणाचा तरी आकडा पुढे गेलेला असतो, त्यामुळे या क्षणाची नेमकी बेरीज कोणालाच सांगता येत नाही. गावातल्या सगळ्या पोदेरांनी मिळून आत्ता किती पाव विकले हेही कोणी सांगू शकत नाही. त्याचा हिशेब भट्टीवर परत गेल्यावर होतो. माझ्या त्या मोजणीला तेवढं पुरेसं होतं. मी कुलूप काढलं, कोअरागणिक आकडा केला, आणि दुपारी बाबांबरोबर धारगळच्या रस्त्याने मोपाला निघालो.